‘वायरमनला बोलवा ना, मॅडम’

लातूरकडच्या एका मुलीचा प्रश्न आहे. इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती विचारते: “कोविडसारख्या आणीबाणीत वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात बायकांनी इंजिनिअर म्हणून नेमकं काय केलं? मला हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकलची नोकरी करायची आहे. घरी म्हणतात, रात्री-अपरात्री मशिनं दुरुस्त करत फिरणं हे मुलींचं काम नाही. वडिलांना काय सांगू?”

उत्तर लांबणार आहे. चहा घेऊनच बस.

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली सहा मुंबईत गेली, बाकीची पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका वॉर्डात ईसीजी मशीन उघडून बसले होते. तिथले वॉर्डबॉय मामा कळवळून म्हणाले, “मॅडम, तुम्ही कशाला हात काळे करताय? वायरमनला बोलवा ना.” मामांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मशीन वापरते ती बाई आणि मशीन उघडतो तो बाप्या, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं. तुझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोरही तेच असणार.

आता मूळ मुद्दा. ‘काय केलं’ असं विचारलं की लोकांना ‘काय शोध लावला’ असं ऐकू येतं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तर ज्याच्याकडे सोल्डरिंग आयर्न होतं तो व्हेंटिलेटर बनवत होता. पेपरात रोज एक फोटो. त्यातले बरेचसे फोटोपुरतेच राहिले. हॉस्पिटलच्या आतून वेगळंच दिसत होतं. मशिनं नव्हती असं नाही, चालणारी मशिनं कमी होती. हे दुखणं कोविडच्या आधीचं. राष्ट्रीय आरोग्य अभियानात सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांची मोजदाद झाली, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणं बंद सापडली होती. त्यातूनच २०१५ साली देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि जिल्हा रुग्णालयातलं उपकरण ९५ टक्के वेळ चालू असलं पाहिजे असा दंडक ठरला. त्यामुळे साथ आली तेव्हा पहिला व्हेंटिलेटर शोधायचा होता तो आपल्याच स्टोअरमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरखाली, ‘पार्ट मागवला आहे’ अशी चिठ्ठी लावलेला.

तो उघडायचा, चालू करायचा आणि चालू ठेवायचा. आणीबाणीतलं इंजिनिअरिंग नव्वद टक्के हेच असतं, आणि याचा फोटो कोणी काढत नाही.

एक रात्र सांगते. एप्रिल २०२१, दुसरी लाट. आयसीयूतून फोन आला की चार नंबरच्या बेडवर ‘लो ऑक्सिजन’चा अलार्म थांबत नाही. पीपीई चढवून आत जाईपर्यंत वीस मिनिटं गेली. स्क्रीनवर सेट केलं होतं ७० टक्के आणि मशीन दाखवत होतं ४८. रेसिडेंट डॉक्टर घाबरलेला, त्याला वाटलं पाइपलाइनचा दाब गेला. पण बेडजवळची सिस्टर शांत होती. ती म्हणाली, “मॅडम, पेशंट आहे तसाच आहे. मशीन खोटं बोलतंय.”

या वाक्याकडे नीट बघ. तिने शेजारच्या मशीनचा आकडा पाहिला होता, तो बरोबर होता, म्हणजे पाइपलाइन ठीक. पेशंटचं सॅच्युरेशन तासाभरात हललं नव्हतं, म्हणजे आत जाणारा ऑक्सिजन पुरेसा आहे. उरला मोजणारा सेन्सर. याला आमच्या भाषेत फॉल्ट आयसोलेशन म्हणतात आणि कॉलेजात त्यावर एक अख्खं युनिट असतं. सिस्टरने ते बेडजवळ उभ्या उभ्या केलं होतं.

व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन सेल म्हणजे एक छोटी रासायनिक बॅटरी असते. आतलं शिसं ऑक्सिजनने हळूहळू संपतं आणि मिळणाऱ्या करंटवरून मशीन टक्केवारी ठरवतं. वापरा, न वापरा, तो संपतच असतो, आणि जास्त ऑक्सिजनवर लवकर संपतो. सगळ्या राज्यातली मशिनं एकाच वेळी ७०-८० टक्क्यांवर चालू लागल्यावर सगळ्यांचे सेल एकदमच माना टाकू लागले. नवा सेल मिळायला आठवडा लागेल असं डीलर म्हणत होता. स्टोअरमध्ये एक्सपिरेटरी व्हॉल्व्ह, म्हणजे श्वास बाहेर सोडणारी झडप, गेलेलं त्याच मॉडेलचं एक मशीन पडून होतं. त्याचा सेल काढून आणला. स्टँडबाय मशीन एकही नव्हतं, त्यामुळे जे काही करायचं ते याच बेडवर. सिस्टरने ट्यूबला क्लॅम्प लावला, मी मशीन स्टँडबायवर टाकलं, मगच सर्किट सोडवलं. उलट क्रमाने केलं असतं तर पेशंटचा श्वास सगळ्या खोलीत उडाला असता. फिल्टर लावलेली अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, ती दाबत राहिली. मी मागचं झाकण उघडलं. दोन-दोन हातमोजे, गॉगलवर वाफ, स्क्रू दिसत नाही, नुसता चाचपडायचा. एक स्क्रू खाली पडला तो सोडूनच दिला. सेल बसवला, आधी हवेवर २१ टक्के आणि मग शंभर टक्क्यांवर कॅलिब्रेशन घेतलं, टेस्ट लंगवर, म्हणजे रबरी नकली फुप्फुसावर, दोन मिनिटं चालवलं, आकडा जुळला. दहा-बारा मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ त्या मुलीने मनगट न बदलता बॅग दाबली.

सर्व्हिस रिपोर्टवर सही माझी एकटीची. तसाच फॉर्म आहे.

म्हणून मी जेव्हा ‘बायकांनी काय केलं’ याचं उत्तर देते, तेव्हा सिस्टरांना त्यातून वगळत नाही. आपल्याकडच्या नर्सिंगमध्ये बहुसंख्य बायकाच आहेत आणि उपकरणाशी चोवीस तास संबंध त्यांचाच येतो. नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात त्या काळात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या होत्या. वॉर्डात फिरून कोणाला किती लिटर चाललाय, किती लागतोय, कुठे गळती आहे एवढंच बघायचं. ऐकायला किरकोळ वाटतं. गणित करून बघ, मग कळेल.

जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरवर असलेल्या पेशंटला तो जवळपास दिवसभर पुरतो. पिशवीवाल्या मास्कवर १५ लिटर लागले तर पावणेआठ तास. आणि नाकातून जोराने ऑक्सिजन देणारी हाय फ्लो नेझल कॅन्युला ६० लिटरवर, शंभर टक्क्यांवर ठेवली, तर एका माणसाला एक जम्बो दोन तासही पुरत नाही. अशी दहा माणसं एका वॉर्डात असतील तर तासाला पाच सिलिंडर. पण त्याच मशीनवर प्रवाह ६० लिटर ठेवून ऑक्सिजनची टक्केवारी शंभरवरून साठवर आणली, तर उरलेली हवा खोलीतली असते आणि शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला तीस लिटरच लागतो. खर्च सरळ निम्मा. ही टक्केवारी डॉक्टर ठरवतात, पण ‘पेशंट आता ९६ ला आहे, कमी करायची का?’ हा प्रश्न वेळेवर विचारणारं माणूस लागतं. पेशंट जेवायला बसला, मास्क गळ्यात, फ्लोमीटर मात्र सुसाट चालू, असं तर प्रत्येक वॉर्डात चालायचं. आमच्या हॉस्पिटलात मी सिस्टर इन्चार्जबाईंबरोबर बसून प्रत्येक बेडला एक तक्ता लावला. दर दोन तासांनी लिटर लिहायचे. पहिल्या दोन दिवसांतच रात्रीचा खप डोळ्यांत भरेल इतका उतरला. त्याला ना सॉफ्टवेअर लागलं, ना बजेट. पाठकोरे कागद आणि चिकटपट्टी.

ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर व्हेपोरायझरबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. हॉस्पिटलच्या आवारात द्रव ऑक्सिजनची उभी टाकी असते, आत उणे १८३ अंश. एका लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, आणि तो होण्यासाठी द्रव ॲल्युमिनियमच्या पंखांच्या नळ्यांमधून फिरतो, बाहेरच्या हवेची उष्णता घेतो. कंपनीने त्या नळ्या एका ठरावीक खपासाठी दिलेल्या असतात. एप्रिलमध्ये खप कितीतरी पट झाला आणि भर उन्हाळ्यात आमच्या व्हेपोरायझरवर चार-चार बोटं बर्फ चढला. बर्फ चढला की उष्णता आत जात नाही, उष्णता नाही तर वायू होत नाही, आणि वॉर्डातला दाब पडतो. टाकीवरचा काटा सांगतो भरपूर माल आहे आणि आयसीयूत अलार्म वाजतोय. पहिल्या दिवशी हे कोणालाच उलगडेना. मी टाकीपाशी गेले, बर्फ पाहिला आणि बागेचा पाइप मागवला. साधं पाणी. ते कोमटही लागत नाही, उणे १८३ पुढे नळाचं पाणी म्हणजे उकळतंच समज. मग रात्रभर पाळीपाळीने नळ्यांवर पाणी सोडायचं काम लागलं. त्या पाळ्यांमध्ये सफाईच्या दोन मावशी होत्या. त्यातल्या एकीने तिसऱ्या रात्री मला सांगितलं, “मॅडम, पहाटे चारला बर्फ जास्त धरतो, तेव्हा दोघी लागतात.” बरोबर होतं तिचं. पहाटे बाहेरची हवा गार होते आणि दमटपणा वाढतो. पुढे आम्ही दुसरा व्हेपोरायझर जोडून आलटून-पालटून चालवायची सोय केली, पण तोवर त्या मावशींच्या निरीक्षणावर पाळ्या लावल्या होत्या.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीपाशी गळती झाली, ऑक्सिजनचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्या दुपारी राज्यातला प्रत्येक बायोमेडिकल इंजिनिअर आपापल्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला असेल. मी तर राहिले होते. व्हॉल्व्ह, फ्लँज, होजची जोडणी, सगळं साबणाच्या पाण्याने तपासलं.

आता शोधांकडे येते, नाहीतर तू म्हणशील मॅडमनी मूळ प्रश्न टाळला.

आपल्याकडचं सगळ्यात ठळक नाव मीनल दाखवे-भोसले यांचं. पुण्याच्या मायलॅब कंपनीत त्यांच्या टीमने कोरोनाच्या आरटी-पीसीआर तपासणीचं पहिलं भारतीय किट सहा आठवड्यांत तयार केलं. २०२० च्या मार्चमध्ये मूल्यमापनासाठी ते राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेलं आणि लगेच दुसऱ्या दिवशी मीनलताई बाळंत झाल्या. बातमी झाली ती बाळंतपणाची. मला त्या बातमीचं कौतुक वाटण्यापेक्षा रागच जास्त येतो, कारण कामाचा गाभा त्यात हरवला. आयात किटच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात हे पडत होतं. आयात किटवर सहा-सात तास लागत, इथे निकाल अडीच तासांत. आणि या दोन्हींपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एकच नमुना दहादा तपासला तर दहाही वेळा तेच उत्तर यायला हवं, ही अट त्यांनी सोडली नाही. घाईत पहिला बळी याच अटीचा जातो. त्याच काळात परदेशातून आलेली रॅपिड अँटिबॉडी किटं याच कारणाने राज्यांना परत करावी लागली होती. कोणी म्हणेल, किट म्हणजे काही मशीन नव्हे. कायद्याने तेही वैद्यकीय उपकरणच आहे, २०१७ चे नियम तसं सांगतात, आणि शंभर ठिकाणी शंभर जणांच्या हातून सारखंच वागणारी वस्तू घडवणं याहून इंजिनिअरिंग वेगळं काय असतं?

दुसरं उदाहरण लंडनचं. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या रिबेका शिप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्सिडीजच्या फॉर्म्युला वन इंजिनं बनवणाऱ्या लोकांना आणि आपल्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना एकत्र बसवलं. त्यांनी नवा व्हेंटिलेटर काढायचा घाट घातलाच नाही. पूर्वीपासून रुग्णालयात वापरलेलं, पेटंट संपलेलं एक सीपॅप उपकरण, म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा देणारं यंत्र, घेतलं, उघडलं, मापं घेतली आणि पुन्हा बनवलं. पहिल्या बैठकीपासून पहिला नग तयार व्हायला शंभर तासही लागले नाहीत. महिन्याभरात १०,००० नग ब्रिटनच्या आरोग्यसेवेला गेले आणि आराखडे सगळ्या जगाला फुकट दिले. मला यातली निवड आवडते. आणीबाणीत नवं काही काढण्याचा मोह टाळायला डोकं जास्त लागतं. सीपॅपमुळे बऱ्याच जणांना व्हेंटिलेटरची पाळीच येत नाही, हेही त्यांनी आधी डॉक्टरांकडून समजून घेतलं होतं.

तिसरं उदाहरण अफगाणिस्तानातलं, हेरातच्या मुलींच्या रोबोटिक्स टीमचं. त्यांची कॅप्टन सोमाया फारुकी तेव्हा सतरा-अठराची. जुन्या टोयोटा कोरोलाची मोटर, मोटारसायकलची चेन असं सामान जमवून या मुलींनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या खुल्या आराखड्यावरून अँबू बॅग दाबणारं मशीन बनवलं. मी त्या मुलींपुढे हात जोडते. पण इंजिनिअर म्हणून एक सांगायलाच हवं. अँबू बॅग दाबणारं यंत्र कोविडच्या कडक झालेल्या फुप्फुसांना फार वेळ सांभाळू शकत नाही. दाब किती, किती वेळ, पेशंटने स्वतः श्वास घ्यायचा प्रयत्न केला तर काय, हे सगळं त्याला कळत नाही. शहरात मशीनच नसेल तेव्हा हाताने बॅग दाबणाऱ्या माणसाला सोडवणं, एवढ्यापुरतं ते खरं उपयोगाचं. पुढच्याच वर्षी काबूल पडलं आणि त्यातल्या कित्येक मुलींना देश सोडावा लागला, त्याचं मला मशीनपेक्षा जास्त वाईट वाटतं.

अशीच गोष्ट एका व्हेंटिलेटरवर चार पेशंट जोडण्याची. डेट्रॉइटच्या डॉक्टर शार्लीन बॅबकॉक यांनी २००६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्यावर प्रयोग केला होता, टेस्ट लंगवर. मार्च २०२० मध्ये त्यांचा व्हिडिओ जगभर फिरला आणि आमच्याकडेही एका साहेबांनी तो मला पाठवला, ‘करून बघा’ म्हणून. बॅबकॉकबाई स्वतःच त्यात सांगत होत्या की हा अगदी शेवटचा उपाय आहे. तेवढा भाग साहेबांनी ऐकला नव्हता. चार जणांची फुप्फुसं सारखी कडक नसतात. सगळ्यात मऊ फुप्फुसात जास्त हवा जाते, सगळ्यात आजारी माणसाला सगळ्यात कमी मिळते, आणि अलार्म कोणाचा वाजतोय तेही कळत नाही. मी ‘नाही’ असं लेखी दिलं. लेखी देण्याची सवय तूही आत्तापासूनच लाव.

आता जरा मागे जाऊ. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मेरी क्यूरी यांच्याकडे दोन नोबेल होती. त्यांनी मोटारीत एक्स-रे यंत्र बसवलं, विजेसाठी मोटारीच्या इंजिनावर डायनॅमो चालवला आणि अशा वीस गाड्या आघाडीवर धाडल्या. शिवाय दोनशेच्या आसपास एक्स-रे खोल्या उभ्या केल्या. स्वतः गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे त्यांनी साधारण दीडशे बायकांना एक्स-रे यंत्र चालवायचं शिक्षण दिलं. मुलगी इरेन तेव्हा विशीचीही नव्हती, तीही शिकवत होती. विद्यार्थिनींमध्ये सगळ्याच काही पदवीधर नव्हत्या. वीज, भूमिती, शरीराची रचना, यंत्र जोडणं-सोडणं, थोडक्यात आणि हाताने. यंत्रं वीस असोत की दोनशे, चालवणारी माणसं नसतील तर ती लोखंडच. कोविडनंतर हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट आपल्याकडे कितीतरी बसले. झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९३ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन पुढे जातो, इतकं साधं तत्त्व. पण कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी ड्रायरने काढलं नाही तर ते दाणे ओले होऊन निकामी होतात. मी पाहिलेले काही प्लांट उद्घाटनाच्या पाटीसकट बंद पडलेत, कारण ड्रायरचं पाणी काढायचं कोणाला शिकवलंच नाही.

शिवणकामाचा विषय मी मुद्दाम ठेवून दिला होता, कारण त्याला कोणी इंजिनिअरिंग म्हणत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सारा लिटल टर्नबुल नावाची डिझाइनर थ्रीएम कंपनीसाठी साच्यात घडवलेल्या कापडापासून ब्राचे कप तयार करत होती. घरच्या आजारपणांमुळे तिच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या चालू होत्या. मागे सतत बांधावे लागणारे सपाट मास्क तिने तिथे पाहिले आणि तोच साचा तोंडाला लावायची कल्पना काढली. आजच्या वाटीसारख्या एन-९५ ची वंशावळ तिथपर्यंत जाते. २०१४ च्या इबोलाच्या साथीत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी पीपीई सूट नव्याने आखला, तेव्हा त्यांच्यात बाल्टिमोरची जिल अँड्र्यूज होती, लग्नाचे गाऊन शिवणारी. अंगावरून सूट काढताना बाहेरची बाजू कातडीला लागू नये म्हणून चेन मागच्या बाजूला घेतली, पायऱ्या कमी केल्या. इबोलात आरोग्यसेवकांना सूट काढतानाच संसर्ग होण्याची भीती सगळ्यात जास्त होती. कापड कुठे ताणेल आणि शिवण कुठे उघडेल हे शिवणाऱ्या बाईला हातातून कळतं.

आपल्याकडे २०२० च्या सुरुवातीला असे सूट जवळपास बनतच नव्हते. दोन-तीन महिन्यांत दिवसाला दोन लाखांच्या पुढे गेलो. कापड पास होई, शिवणीवर मात्र नमुने नापास होत, कारण सुईच्या प्रत्येक भोकातून तपासणीतलं कृत्रिम रक्त आत झिरपे. त्यावर गरम हवेने टेप चिकटवणारं मशीन लागतं. इकडे गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांनी कापडी मास्क शिवून दिले, पण त्या सूटच्या मापांचं काय? पहिले सूट आले ते लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज. माझी उंची पाच फूट एक इंच. सुटाची बैठक गुडघ्यापाशी, खाली वाकलं की चर्र. आम्ही कमरेला चिकटपट्टीचे तीन वेढे घ्यायचो. मास्कचंही तेच, लहान चेहऱ्यावर बाजूने फट राहायची. आणि सहा-सहा तास सूट काढता येत नाही, त्यात पाळी आलेली. याबद्दल मी खरेदी समितीत बोलले तेव्हा समोरच्यांनी माना खाली घातल्या आणि पुढच्या ऑर्डरमध्ये स्मॉल आणि मीडियम आले. एवढंच करायचं होतं. कोणीतरी तिथे बसून बोलायला हवं होतं.

पल्स ऑक्सिमीटरची एक छोटी गंमत. दुसऱ्या लाटेत लग्नसराई होती. बोटभर मेंदी, वर नेलपॉलिश, आणि आकडा कधी ८८ तर कधी ९५. ते मशीन ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश बोटातून आरपार टाकून रक्ताचा रंग वाचतं, मधे रंगाचा थर आला की गोंधळतं. ‘कानाच्या पाळीला किंवा पायाच्या बोटाला लावून बघा’ असं आमच्या एका सिनिअर सिस्टरने सगळ्या वॉर्डांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. कंपनीच्या मॅन्युअलमध्येही ते असतं, सत्तेचाळिसाव्या पानावर.

आता तुझ्या वडिलांचं.

त्यांना खोटं सांगू नकोस. रात्री जावं लागतं. मशीन ऑफिसची वेळ बघून बिघडत नाही. वजन उचलावं लागतं, पण एकट्याने व्हेंटिलेटर पुरुषही उचलत नाही आणि उचलू नये, त्याला चाकं असतात. पगार सुरुवातीला कमी असतो, बऱ्याच ठिकाणी नोकरी कंत्राटी असते, ती बाब मी गोड करून सांगणार नाही. विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, त्या त्यांनाही कळतील. रात्री कॉल आला तर हॉस्पिटलची गाडी मिळते का? बायकांसाठी कपडे बदलायची खोली आहे का? आमच्याकडे बायोमेडिकलला चौदा वर्षं नव्हती, मी लॅबच्या मुलींची वापरायची. आणि बिघाड दुरुस्त झाल्यावर सही करायचा अधिकार तुला आहे की वरच्या साहेबांना? मुलाखतीत हे विचार, लाजू नकोस.

अजून एक. कंपन्यांचे इंजिनिअर मशीनच्या सर्व्हिस मोडचा पासवर्ड देत नाहीत, धंदाच आहे त्यांचा. एका कंपनीच्या इंजिनिअरला मी वर्षानुवर्षं मागत होते, तो हसून टाळायचा. लॉकडाऊनमध्ये तो मुंबईत अडकला, पास मिळेना, आणि इकडे मशीन बंद. शेवटी व्हिडिओ कॉलवर त्याने तो सांगितला, तोही हळू आवाजात, जणू घरात कोणी ऐकेल. तेव्हापासून त्या मॉडेलची ऐंशी टक्के कामं आम्हीच करतो. म्हणून खरेदीच्या करारातच प्रशिक्षण आणि सर्व्हिस मॅन्युअल मागून घ्यायचं, हे मी आता प्रत्येक टेंडरला भांडून घालते. तू ज्या हॉस्पिटलात जाशील तिथल्या जुन्या करारांपासून सुरुवात कर.

साथ ओसरल्यावर आमच्या हॉस्पिटलने ‘कोविड योद्धा’ प्रशस्तिपत्रं वाटली. बायोमेडिकल विभागाच्या यादीतून माझंही आलं, छान लॅमिनेट केलेलं, नावाआधी ‘श्री.’ छापून. विभागच तसा, त्यामुळे टाइप करणाऱ्याने विचारच केला नसणार. मी ते बदलून घेतलं नाही. वर्कशॉपमध्ये टेस्ट बेंचच्या वर लावलंय, नव्या मुली इंटर्नशिपला आल्या की पहिल्या दिवशी वाचून हसतात.

आधी सहा महिने कुठल्याही चांगल्या हॉस्पिटलात इंटर्नशिप कर आणि त्यातला एक महिना ऑक्सिजन प्लांट आणि मॅनिफोल्डवर (सिलिंडर एकत्र जोडून पाइपलाइनला देतात ती जागा) मागून घे, तिथे कोणी स्वतःहून पाठवत नाही. लीकेज करंट, म्हणजे मशीनमधून बाहेर झिरपणारी वीज, मोजायला शिक, व्हेंटिलेटरच्या आधी तेच. मल्टिमीटर आणि चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर स्वतःचा घे, त्यावर नाव कोर. हॉस्पिटलचा कधीच जागेवर सापडत नाही.